दोन गुंठ्यांचे वर्गमूळ

जमिनीच्या व्यवहाराशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याला गुंठा हे माप सांगावे लागत नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. १०८९ हा आकडा मात्र प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. सरळ हजार किंवा अकराशे का नाही? उत्तर सोपे आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशा चौरसाचे क्षेत्रफळ बरोबर १०८९ चौरस फूट भरते. म्हणजेच १०८९ चे वर्गमूळ ३३ आहे; त्यात बाकी उरत नाही, दशांश चिन्हही लागत नाही.

आता समजा, कोणाला दोन गुंठ्यांचा चौरस भूखंड आखायचा आहे. क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे २१७८ चौरस फूट. बाजू किती घ्यावी? दुप्पट घेऊन चालणार नाही, कारण ६६ फूट बाजूचा चौरस चार गुंठ्यांचा होतो. गणकयंत्रावर २१७८ लिहून वर्गमूळाची कळ दाबली, की पडद्यावर ४६.६६९०४७५५८ असा काहीसा आकडा उमटतो. आपण तो निमूटपणे उतरवून घेतो. पण तो आला कोठून? २१७८ चे वर्गमूळ ही अपरिमेय संख्या आहे. तिचे दशांश कोठेही संपत नाहीत आणि ठरावीक क्रमाने पुन्हा येतही नाहीत. तेव्हा अशा संख्यांची तयार कोष्टके यंत्रात भरून ठेवलेली असणे शक्य नाही. यंत्र ते उत्तर त्या क्षणी काढते. ते कसे काढते आणि काढताना कोठे घसरू शकते, हे समजून घेण्यासाठी फारसे गणित लागत नाही. बेरीज, भागाकार आणि सरासरी एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

आयतापासून चौरसाकडे

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढले आहे. संख्येतील अंकांच्या उजवीकडून जोड्या पाडायच्या आणि एकेक अंक शोधत पुढे जायचे. या पद्धतीचे मूळ फार जुने आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या 'आर्यभटीय' ग्रंथाच्या गणितपादात वर्गमूळाचा एकेक अंक काढण्याची रीत एका श्लोकात दिली आहे. कागदावर ही रीत चोख काम करते. पण तिच्यात प्रत्येक अंकासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो आणि एका फेरीला उत्तराचा एकच अंक हाती येतो.

दुसरी रीत अगदी वेगळ्या विचारावर उभी आहे. तिच्यात आरंभीच उत्तराचा एक ढोबळ अंदाज करायचा आणि मग तो सुधारत न्यायचा. दोन गुंठ्यांच्या भूखंडाचेच उदाहरण घेऊ. बाजूचा पहिला अंदाज ३३ फूट असा करू. तो चुकीचा आहे हे आपल्याला ठाऊकच आहे. एक बाजू ३३ फूट ठेवून क्षेत्रफळ २१७८ हवे असेल, तर दुसरी बाजू २१७८ भागिले ३३, म्हणजे ६६ फूट घ्यावी लागेल. क्षेत्रफळ अचूक आहे, पण आकार चौरस नाही. ३३ बाय ६६ चा तो लांबट आयत आहे. खरी बाजू या दोन संख्यांच्या दरम्यान कोठेतरी असणार, हे उघड आहे. कारण दोन्ही बाजू खऱ्या बाजूपेक्षा लहान असत्या तर क्षेत्रफळ कमी भरले असते, आणि दोन्ही मोठ्या असत्या तर जास्त.

मग नवा अंदाज म्हणून या दोहोंची सरासरी घेऊ. ३३ अधिक ६६, भागिले दोन म्हणजे ४९.५. आता पुन्हा तीच कृती. २१७८ भागिले ४९.५ म्हणजे ४४. आयत आता ४९.५ बाय ४४ चा झाला. पहिल्यापेक्षा पुष्कळच चौरसाकृती. पुन्हा सरासरी ४६.७५. पुन्हा भागाकार, पुन्हा सरासरी; आता ४६.६६९११८ च्या आसपास. आणखी एक फेरी, की ४६.६६९०४७५५८.

या आकड्यांतील चूक फेरीगणिक कशी घटते, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या सरासरीत जवळजवळ २.८३ फुटांची चूक होती. दुसरीत ती ०.०८१ फुटावर, म्हणजे सुमारे एका इंचावर आली. तिसरीत ०.००००७ फूट, ही माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे. चौथ्या फेरीत ती इतकी घटते, की तिची तुलना हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासाशी केली तरी अणूच मोठा ठरतो. भूखंडाच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकणाऱ्याला एवढी अचूकता कधीच लागणार नाही. पण चार बेरजा आणि चार भागाकार यांत ती मिळाली, हे विसरता येत नाही.

हे घडण्याचे कारण एका साध्या नियमात आहे. पुढच्या फेरीतील चूक ही आताच्या चुकीचा वर्ग भागिले आताच्या अंदाजाची दुप्पट इतकी असते. चूक एकदा लहान झाली, की तिचा वर्ग आणखी लहान होतो. ०.०१ चा वर्ग ०.०००१, ०.०००१ चा वर्ग ०.०००००००१. म्हणून उत्तर एकदा खऱ्या वर्गमूळाजवळ पोहोचले, की त्यापुढे प्रत्येक फेरीत अचूक अंकांची संख्या साधारण दुप्पट होत जाते. शाळेतील पद्धत प्रत्येक फेरीला एक अंक देते. ही पद्धत जवळचे अंक हाती आल्यावर त्यांची दुप्पट करते.

चार हजार वर्षांची उजळणी

या रीतीला संगणकशास्त्रात न्यूटनची रीत म्हणण्याचा प्रघात आहे. आयझॅक न्यूटनने १६६९ मध्ये समीकरणे सोडवण्यासाठी अंदाज सुधारत जाण्याची एक पद्धत मांडली आणि जोसेफ रॅफसनने १६९० मध्ये ती अधिक सुटसुटीत रूपात प्रसिद्ध केली. वर्गमूळाच्या समीकरणाला ती लावली, की नेमकी ही सरासरीची रीत मिळते. परंतु वर्गमूळापुरते बोलायचे, तर ती न्यूटनपेक्षा कितीतरी जुनी आहे.

अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या 'मेट्रिका' या ग्रंथात ७२० चे वर्गमूळ काढून दाखवले आहे. जवळचा पूर्ण वर्ग ७२९, त्याचे मूळ २७. ७२० भागिले २७ म्हणजे २६ पूर्णांक दोन तृतीयांश. दोहोंची सरासरी २६ पूर्णांक पाच षष्ठांश. तिचा वर्ग केला तर ७२० पूर्णांक एक छत्तिसांश येतो. याहून कमी फरक हवा असेल, तर ७२९ च्या जागी हा वर्ग घेऊन तीच कृती पुन्हा करावी, असेही हेरॉन सांगतो. त्या सूचनेत 'पुन्हा करावी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संगणकाला जे सांगायचे असते, त्याचा गाभा त्यांत आहे. हा ग्रंथ अनेक शतके हरवलेला होता. त्याचे हस्तलिखित १८९६ मध्ये इस्तंबूल येथे सापडले.

त्याहीपूर्वी, इ. स. पू. १८०० ते १६०० या काळात, बॅबिलोनियातील कोणी लेखनिकाने मातीच्या छोट्या गोल वीटेवर एक चौरस आणि त्याचे कर्ण कोरले. ही वीट आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तिच्यावर दोनचे वर्गमूळ साठच्या पटीतील अंकांनी लिहिलेले आहे. आपल्या दशांशात ते सुमारे १.४१४२१३ येते आणि पाचव्या दशांश स्थळापर्यंत जुळते. वीटेवर रीत लिहिलेली नाही, केवळ आकडे आहेत. तरीही सरासरीच्या या रीतीला 'बॅबिलोनियन रीत' हे नाव रूढ झाले आहे.

भारतातही या दिशेने जाणाऱ्या खुणा आहेत. यज्ञवेदी रचण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायन शुल्बसूत्रात चौरसाचा कर्ण काढण्यासाठी एक नियम आहे : मापात त्याचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा आणि त्यातून त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. हिशेब केला, की ५७७ भागिले ४०८ ही संख्या मिळते. वाचकांनी येथे थोडे थांबावे. आपल्या दोन गुंठ्यांच्या भूखंडात तिसऱ्या फेरीला आलेली ४६.६६९११८ ही संख्या ३३ ने भागून पाहिली, तर उत्तर नेमके ५७७ भागिले ४०८ येते. शुल्बसूत्रात उपपत्ती दिलेली नाही. परंतु चौरस वेदी आखणाऱ्याच्या आणि भूखंड आखणाऱ्याच्या गरजेतून एकच अपूर्णांक निघावा, हे मात्र मनोवेधक आहे.

पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये सापडलेल्या भूर्जपत्रांवरील हस्तलिखितात तर वर्गमूळाचे एक सूत्रच आहे. जवळच्या पूर्ण वर्गाचे मूळ घ्यावे, उरलेली बाकी त्याच्या दुपटीने भागून त्यात मिळवावी आणि मग आणखी एक दुरुस्ती वजा करावी. बीजगणिताने पडताळले, की हे सूत्र म्हणजे हेरॉनच्या रीतीच्या दोन फेऱ्या एकत्र बांधलेल्या आहेत. दोनचे वर्गमूळ काढताना १ पासून सुरुवात केली, तर हे सूत्र १७ भागिले १२ देते. त्याला ३३ ने गुणले, की आपली दुसऱ्या फेरीची ४६.७५ ही संख्या हाती येते. हे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जतन करण्यात आले आहे.

संगणकाला सांगायचे कसे?

माणसाला 'पुन्हा पुन्हा कर आणि पुरेसे झाले की थांब' एवढे सांगितले तरी कळते. संगणकाला 'पुरेसे' हा शब्द कळत नाही. त्याचा अर्थ आकड्यांत सांगावा लागतो. संगणकाची आज्ञावली लिहायला शिकणारा विद्यार्थी जेव्हा प्रथमच वर्गमूळाचे फंक्शन लिहितो, तेव्हा त्याची खरी परीक्षा या एका शब्दावर होते. फंक्शन म्हणजे एक लहानशी गिरणी समजावी. एका तोंडाने संख्या आत जाते, दुसऱ्या तोंडाने तिचे वर्गमूळ बाहेर येते. आत काय चालते याची वापरणाऱ्याला पर्वा नसते. मराठी शब्दांत लिहिले, तर पहिला प्रयत्न बहुधा असा असतो :

वर्गमूळ (संख्या) :
अंदाज = १
जोवर (अंदाज × अंदाज) आणि संख्या यांतील फरक ०.००१ पेक्षा जास्त आहे, तोवर :
अंदाज = (अंदाज + संख्या ÷ अंदाज) ÷ २
उत्तर = अंदाज

हे फंक्शन चालवून पाहिले, की समाधान वाटते. २५ दिल्यावर ५.००००२ येते. २१७८ दिल्यावर नऊ फेऱ्यांत ४६.६६९०४७६ मिळते. विद्यार्थी खूष होतो, शिक्षक गुण देतात आणि फंक्शन संग्रही ठेवले जाते. पुढे ते कोणत्या कामाला लागेल, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते.

दोन गुंठ्यांचे अकरा गुंठे

आता हाच भूखंड नकाशाच्या अशा आज्ञावलीत आला असे समजू, जिच्यात सर्व मापे किलोमीटरमध्ये ठेवलेली आहेत. २१७८ चौरस फूट म्हणजे सुमारे २०२.३४ चौरस मीटर. चौरस किलोमीटरमध्ये ०.०००२०२३४. जमीन तीच, केवळ एकक बदलले. फंक्शनला ही संख्या दिली, तर अंदाज १ पासून निघून ०.५००१, ०.२५०३, ०.१२५५, ०.०६३६ असा उतरत ०.०३३३८ वर येतो. येथे अंदाजाचा वर्ग ०.००१११ आहे. त्यातून मूळ संख्या वजा केली, की ०.०००९१ उरतात. हा फरक ०.००१ पेक्षा कमी आहे. अट पुरी झाली! फंक्शन थांबते आणि उत्तर देते : ०.०३३३८ किलोमीटर, म्हणजे ३३.३८ मीटर.

खरे उत्तर १४.२२ मीटर आहे. ३३.३८ मीटर बाजूचा चौरस १११४ चौरस मीटरचा होतो; म्हणजे दोन गुंठ्यांच्या भूखंडाचे अकरा गुंठे झाले. यात सर्वांत गंभीर बाब अशी, की पडद्यावर कोठेही लाल अक्षरे उमटली नाहीत, यंत्र अडखळले नाही, चुकीचा संदेश आला नाही. फंक्शनने आपले काम शिकवल्याप्रमाणे केले. सूत्र चार हजार वर्षे जुने आणि निर्दोष होते; चूक होती ती फक्त 'पुरेसे' या शब्दाच्या अर्थात.

हजारो चौरस फुटांच्या हिशेबात ०.००१ ही नगण्य रक्कम आहे. पण जेथे मूळ संख्याच ०.०००२ आहे, तेथे ०.००१ ही चूक मूळ रकमेच्या पाचपट ठरते. लाखांच्या उलाढालीत रुपयाचा फरक कोणी मोजत नाही; पण चार आण्यांच्या उधारीत रुपयाची चूक झाली, तर तिला चूक नव्हे, लबाडी म्हणतील. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील हॅरोल्ड ॲबेलसन आणि जेराल्ड सस्मन यांच्या, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व पुढे अनेक विद्यापीठांत लावल्या गेलेल्या पाठ्यपुस्तकात वर्गमूळाचे फंक्शन पहिल्याच प्रकरणात येते. त्यात ०.००१ ची अशीच अट घालून, ती अगदी लहान आणि अगदी मोठ्या संख्यांच्या बाबतीत का अपुरी पडते, हे शोधण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवलेले आहे.

मोठ्या संख्यांच्या बाजूचा धोका निराळा आहे. संगणक दशांश संख्या साठवताना तिचे ठरावीकच अंक ठेवू शकतो. नेहमीच्या प्रकारात सुमारे पंधरा ते सोळा. त्यामुळे संख्या मोठी होत जाते, तसे तिचे आणि तिच्या लगतच्या साठवता येणाऱ्या संख्येचे अंतर वाढत जाते. एकावर वीस शून्ये एवढ्या संख्येच्या आसपास हे अंतर १६,३८४ आहे. अशा ठिकाणी 'फरक ०.००१ पेक्षा कमी हवा' अशी अट घालणे म्हणजे मैलांचे दगड रोवलेल्या रस्त्यावर इंच मोजण्याचा आग्रह धरणे होय. उत्तर नेमके जुळले तर ठीक. नाही तर फंक्शन जवळच्याच एकदोन संख्यांभोवती घुटमळत राहते आणि कधीच थांबत नाही. म्हणजे लहान संख्येला ते लवकर थांबून खोटे उत्तर देते, आणि मोठ्या संख्येला थांबायचेच विसरते.

थांबायचे केव्हा?

यावर उपाय त्या आयतातच आहे. प्रत्येक फेरीत आपल्या हाती दोन बाजू असतात : एक आपला अंदाज आणि दुसरी भागाकारातून आलेली. खरे वर्गमूळ नेहमी या दोहोंच्या दरम्यान असते. म्हणजे आपले उत्तर किती चुकले असू शकते याचा साक्षीदार रीतीने स्वतःच सोबत आणलेला असतो; बाहेरची फूटपट्टी लावण्याचे कारण नाही. दोन बाजूंमधील अंतर अंदाजाच्या मानाने क्षुल्लक झाले, की थांबावे. 'मानाने' या शब्दावर येथे भर आहे :

वर्गमूळ (संख्या) :
संख्या ऋण असेल तर : उत्तर नाही, असे कळवा
संख्या शून्य असेल तर : उत्तर = ०
अंदाज = संख्या आणि १ यांपैकी मोठी
पुन्हा पुन्हा करा :
नवा = (अंदाज + संख्या ÷ अंदाज) ÷ २
अंदाज आणि नवा यांतील फरक, नव्याच्या एक अब्जांशापेक्षा कमी असेल तर : उत्तर = नवा, थांबा
अंदाज = नवा

आता भूखंड चौरस फुटांत द्या, चौरस मीटरमध्ये द्या अथवा चौरस किलोमीटरमध्ये. उत्तर प्रत्येक वेळी तितक्याच विश्वासाने घेता येते. एकक बदलले की सत्य बदलते, असे होत नाही. पहिल्या दोन ओळीही शोभेच्या नाहीत. ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसते. तिच्यासाठी ही रीत लावली, तर अंदाज इकडून तिकडे भरकटत राहतात. शून्याच्या बाबतीत अंदाज प्रत्येक फेरीत निम्मा होत जातो आणि 'मानाने क्षुल्लक' ही अट कधीच पुरी होत नाही. नियम ज्या संख्यांसाठी बनला, त्यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या संख्या आधी वेगळ्या काढणे हा आज्ञावली लिहिण्यातला शहाणपणा आहे.

एक अब्जांशाऐवजी याहूनही बारीक मर्यादा का घालू नये, असे कोणी विचारील. घालता येते, पण यंत्र जितके अंक साठवते त्यापलीकडची अचूकता मागण्यात अर्थ नाही. तशी मागणी केली, तर पुन्हा न थांबण्याचा धोका उभा राहतो.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही, हे पूर्णांकांवर सहज पाहता येते. समजा, दशांश टाकून देऊन फक्त पूर्णांकांत हिशेब करायचा आहे आणि 'अंदाज बदलायचा थांबला की थांबा' अशी अट आहे. ८ चे वर्गमूळ काढू. अंदाज २ घेतला, तर ८ भागिले २ म्हणजे ४, सरासरी ३. आता ८ भागिले ३, अपूर्णांक टाकून, २. सरासरी अडीच, अपूर्णांक टाकून २. पुन्हा ३, पुन्हा २, पुन्हा ३. दोन खुंट्यांना बांधलेल्या झोपाळ्यासारखे हे फंक्शन वीज जाईपर्यंत झुलत राहील. पूर्ण वर्गापेक्षा एकने कमी असलेल्या ३, ८, १५, २४ अशा संख्यांवर ही गोष्ट घडते. १६ किंवा २० वर परीक्षा घेणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

उपाय पुन्हा साधाच. अंदाज मुद्दाम वरून सुरू करावा आणि तो उतरायचा थांबला, की आधीचा अंदाज हेच उत्तर मानावे. ८ पासून निघालो, तर ४, ३, २ असे उतरतो. पुढचा ३ हा २ पेक्षा लहान नाही, म्हणून उत्तर २. धन पूर्णांकांची उतरण अनंत काळ चालू शकत नाही. त्यामुळे हे फंक्शन थांबणारच, अशी खात्री कागदावर देता येते. 'मी शंभर संख्यांवर चालवून पाहिले' आणि 'ते थांबेलच हे मी सिद्ध केले' या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. पायथन या लोकप्रिय संगणकभाषेत पूर्णांकांच्या वर्गमूळासाठी स्वतंत्र फंक्शन २०१९ मध्ये ३.८ या आवृत्तीत देण्यात आले. दशांश संख्यांचे सोळा अंक मोठ्या पूर्णांकांना पुरत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची गरज कळते.

पहिला अंदाज आणि एक चमत्कारिक संख्या

रीत कितीही वेगवान असली, तरी ती वेग घेते ती वर्गमूळाजवळ पोहोचल्यावर. दूरवरून निघाल्यास सुरुवातीच्या फेऱ्यांत अंदाज फक्त निम्मा होत जातो. एकावर बारा शून्ये, म्हणजे एक लाख कोटी, या संख्येचे वर्गमूळ दहा लाख आहे. पण पहिला अंदाज एक लाख कोटीच धरला, तर निम्मे करत करत दहा लाखांच्या शेजारी यायलाच वीसेक फेऱ्या खर्ची पडतात. येथे शाळेतील जोड्या मदतीला येतात. तेरा अंकी संख्येच्या सात जोड्या पडतात, तेव्हा वर्गमूळ सात अंकी असणार. अंक मोजून पहिला अंदाज केला, की वीस फेऱ्या वाचतात.

संगणकातील दशांश संख्या घातांकाच्या रूपात साठवलेली असल्याने, घातांक निम्मा केला की हे काम चुटकीसरशी होते. याचा सर्वांत गाजलेला उपयोग एका खेळात झाला. 'क्वेक ३ अरीना' हा संगणकावरील खेळ १९९९ मध्ये आला. त्यातील भिंतींवर आणि चेहऱ्यांवर पडणारा प्रकाश दाखवण्यासाठी एक भागिले वर्गमूळ ही क्रिया सतत करावी लागे. २००५ मध्ये त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा तिच्यात १५९७४६३००७ ही संख्या पाहून जाणकारही चक्रावले. दशांश संख्येचे साठवलेले अंक पूर्णांक आहेत असे समजून ते निम्मे करायचे आणि या संख्येतून वजा करायचे, एवढ्यावर हवे ते उत्तर सुमारे साडेतीन टक्क्यांच्या आत मिळते. त्यावर न्यूटनच्या रीतीची एकच फेरी, की चूक ०.२ टक्क्यांहून खाली येते. खेळातील प्रकाशाला तेवढे पुरेसे होते. भूखंडाच्या नकाशाला ते पुरले नसते. 'पुरेसे' म्हणजे किती, हे काम ठरवते, सूत्र नव्हे.

आज ही सारी यातायात बहुतेकांना करावी लागत नाही. १९४६ मध्ये लोकांसमोर आलेल्या 'एनिॲक' या अवाढव्य संगणकातही भागाकार आणि वर्गमूळ यांसाठी एक स्वतंत्र विभाग होता. आता ते काम नखाएवढ्या चकतीत होते. दशांश संख्यांच्या गणितासाठी १९८५ मध्ये स्वीकारलेल्या आयईईई ७५४ या मानकानुसार वर्गमूळाचे उत्तर साठवता येणाऱ्या शेवटच्या अंकापर्यंत योग्य रीतीने पूर्णांकित केलेले असावे लागते. म्हणून रोजच्या कामासाठी भाषेत तयार असलेलेच फंक्शन वापरावे. स्वतः लिहिलेले नव्हे.

तरीही ते एकदा स्वतःच्या हाताने लिहून पाहावे, असे सुचवावेसे वाटते. कर्जाचा हप्ता, औषधाची मात्रा, परीक्षेचे गुण, जमिनीचे क्षेत्र यांचे आकडे आपल्यासमोर येतात ते कोणीतरी लिहिलेल्या अशाच फंक्शनांमधून. आठ दशांश स्थळांपर्यंत छापलेला आकडा आठ दशांशांपर्यंत खरा असतोच असे नाही, ३३.३८ मीटर हेही पडद्यावर तितकेच रुबाबदार दिसते. ते खोटे ठरवायला मोठे गणित लागत नाही. उत्तराचा वर्ग करून मूळ संख्येशी ताडून पाहावा. ३३.३८ गुणिले ३३.३८ म्हणजे १११४. आणि जमीन तर २०२ चौरस मीटरच होती. वर्गमूळ काढणे कठीण आहे, पण ते तपासणे एका गुणाकाराचे काम आहे. तेवढा गुणाकार करण्याची सवय राहिली, तर दोन गुंठ्यांचे अकरा गुंठे होण्यापूर्वीच कोणीतरी हात वर करील.